लेकीच्या आकडीला नाव मिळालं तेव्हा

माझ्या लेकीला जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी आकडी आली. आज तिच्या फाईलवर निदान स्वच्छ लिहिलेलं आहे: एसएलसी१३ए५ या जनुकात दोष, त्यामुळे पेशीत सायट्रेट नेणाऱ्या प्रथिनाची कमतरता, आणि त्यातून आलेला अपस्मार. त्या दिवसापासून या ओळीपर्यंत पोचायला जो काळ गेला, त्याबद्दल लिहिते आहे. तेव्हा रात्रीची जागी राहून मी मोबाईलवर शोधत बसायचे आणि मराठीत हाती काही लागायचं नाही.

मी डी. फार्म. केलंय. लग्नाआधीपासून सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका मेडिकलमध्ये काम करते. नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्यावरच सगळं येऊन ठेपतं. मला आत्याच्या घरी दिलंय. नवरा माझा सख्खा आतेभाऊ. आमच्या भागात हे इतकं सर्रास आहे की मामाची मुलगी असली की स्थळ बघायला बाहेर जातच नाहीत.

बाळंतपण नीट झालं. दिवस पूर्ण भरलेले, वजन चांगलं, बाळ लगेच रडलं. दुसऱ्या दिवशी दूध पाजताना तिचा डावा पाय ठरावीक लयीत उडायला लागला, डोळे एका बाजूला थिजले, ओठ चावल्यासारखे हलले आणि काळपट पडले. आत्या म्हणाली, "थंडी वाजतीय गं लेकराला, दुपट्यात गुंडाळ." सिस्टरनी येऊन पाय हलकेच धरला. तान्ह्या बाळाची साधी थरथर असेल तर हात-पाय धरल्यावर थांबते, झटका असेल तर हाताखालीसुद्धा उडत राहतो. तो उडत राहिला. पाचव्या मिनिटाला बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं.

तिथे सगळ्या नेहमीच्या गोष्टी तपासल्या. साखर, कॅल्शियम, जंतुसंसर्ग, पाठीतलं पाणी. सगळं ठीक. फेनोबार्बिटोन हे झटक्याचं औषध सुरू झालं, दुकानात गार्डिनल म्हणून मिळतं ते. गार्डिनलच्या बाटल्या मी काउंटरवरून इतक्या वेळा लोकांना दिल्या होत्या, 'मोजून द्या, एकदम बंद करू नका' असं सांगत. आता ती बाटली माझ्या बाळाच्या नावाने आली. ते पुरेना म्हणून लेव्हेटिरासिटाम, झटक्याचंच दुसरं औषध. मग बी-सिक्स दिलं, कारण काही बाळांचे झटके निव्वळ त्या जीवनसत्त्वाने थांबतात. आमचे थांबले नाहीत. इइजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, दिसलं की बाळ शांत झोपलेलं असतानाही मेंदूत झटके चालूच आहेत. ते ऐकल्यावर मी कितीतरी दिवस तिच्या शांत झोपेलाच घाबरायचे.

एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक ठिपके दिसले. त्यावरून एका डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की जन्मताना प्राणवायू कमी पडला असणार. मी म्हटलं, बाळ तर लगेच रडलं होतं. ते म्हणाले, "असं होतं कधी कधी." डिस्चार्ज कार्डावर तेच लिहिलं गेलं, आणि त्यानंतर आम्ही जिथे जाऊ तिथे पुढचे डॉक्टर ते कार्ड वाचूनच सुरुवात करायचे. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला तेव्हा ठिपके गेलेले होते. आता मला माहीत आहे की या आजाराच्या काही बाळांत पहिल्या दिवसांत असे ठिपके दिसतात आणि पुढे विरून जातात. तेव्हा मात्र ठिपके गेले म्हणून घरात पेढे वाटले, आणि झटके चालूच राहिले.

पहिलं वर्ष तापाने खाल्लं. ताप चढला की झटका ठरलेला, आणि तो लवकर थांबायचा नाही. सोलापूरचा उन्हाळा, रात्री वीज गेलेली, अंग तापलेलं की उकाड्याने गरम झालंय ते हाताला कळत नाही. म्हणून थर्मामीटर उशाशीच. शेजारच्या बायका कांदा घेऊन धावत यायच्या. मी त्यांचा हात धरून सांगायचे, नाकाला काही लावू नका, तोंडात काही घालू नका, फक्त तिला कुशीवर वळवू द्या आणि घड्याळ बघा. नंतर डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला. पाच मिनिटांत थांबलं नाही तर वजनाप्रमाणे ठरवून दिलेले फवारे, आणि रिक्षा. आत्याने एका वहीत प्रत्येक झटक्याची वेळ, ताप, किती मिनिटं, कुठली बाजू हे लिहायला सुरुवात केली. आत्या चौथी शिकलेली. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी ती वही इइजीच्या आधी मागितली.

मान उशिरा धरली, बसणं उशिरा, अंग ढिलं. पण नजर बोलकी. बाबाची सायकल दाराशी आली की मान वळायची, 'पंखा कुठंय' म्हटलं की वर बघायची. हे समजणं आणि ते ढिलं अंग यांचा मेळ मला लागत नव्हता. प्राणवायू कमी पडल्याच्या गोष्टीवर माझा विश्वास बसला नाही तो यामुळे.

दातांनी वाट दाखवली. दात उशिरा आले आणि आले ते पिवळे, खरबरीत, कडेने झिजलेले. सगळे म्हणाले औषधांमुळे. पण सिरपमधल्या साखरेने कीड लागते, आणि लोहाच्या थेंबांनी काळपट डाग पडतात ते घासल्यावर जातात. हे मी रोज लोकांना सांगते. हा दात तर हिरडीतून वर येतानाच पिवळा होता. मुलांच्या दातांच्या डॉक्टर बाईंनी आरशाने नीट पाहिलं आणि सांगितलं की दातावरचं कवच, एनॅमल, मुळात नीट बनलेलंच नाही. त्यांनी विचारलं, "हिला झटके कधीपासून?" मी सांगितलं. त्यांनी स्वतःहून मेंदूविकार तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहिली: जन्मापासून अपस्मार आणि एनॅमलचा दोष, दोन्ही एकत्र आहे, जनुकीय कारण पाहावं. ही चार ओळींची चिठ्ठी. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. लहान मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट भराभर उलटले आणि त्या चिठ्ठीशी थांबले. मग तिचे दात स्वतः पाहिले. त्यांनी सांगितलं की अपस्मार आणि पिवळे दात असं एकत्र असलेलं एक कुटुंब १९७४ साली कोलशुटर, टोन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधून नोंदवलं होतं; त्यांच्या नावाने तो आजार ओळखला जातो. पुढे जनुकं वाचायला लागल्यावर कळलं की असं चित्र एकाहून जास्त जनुकांमुळे दिसू शकतं. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "तुमचं लग्न नात्यात आहे का?" आजवर हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. नवऱ्याने मान खाली घालून हो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "मान खाली घालू नका. माझं काम सोपं झालं."

एक्झोम तपासणी म्हणजे जनुकांचा जो भाग प्रथिनं बनवण्याच्या सूचना देतो तेवढा सगळा वाचून काढायचा. रक्त थोडंसंच घेतात. पैसे मात्र नवऱ्याच्या पगाराच्या मानाने फार. माझ्या बाबांनी निम्मे दिले. मग कित्येक आठवडे वाट. रिपोर्ट आला त्यात लिहिलं होतं की या प्रथिनाच्या ५६८ अमिनो आम्लांच्या साखळीत २२७ व्या जागी थ्रिओनिन या आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरंच आलंय, आणि जनुकाच्या दोन्ही प्रतींवर तोच बदल आहे. एक प्रत आईकडून, एक बाबाकडून. आमचं दोघांचं रक्त तपासलं तेव्हा दोघांकडे एकेक प्रत सदोष निघाली, दुसरी चांगली. एक चांगली प्रत असली की माणसाला काही होत नाही, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही. तिचं रक्त सायट्रेट मोजायलाही पाठवलं. पातळी जास्त आली. कागदावरचा बदल खरोखर काम बिघडवतोय याची ती साक्ष होती.

बारावीला आणि नंतर फार्मसीला सायट्रिक आम्ल चक्र पाठ केलं होतं. शोधणारे हान्स क्रेब्ज, १९३७, नोबेल १९५३. मार्कांसाठी. आता तेच चक्र माझ्या घरात येऊन बसलं होतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून समजून घेतलं. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रियात अन्नातून ऊर्जा काढताना पहिल्यांदा जे आम्ल बनतं ते सायट्रिक. शरीरात ते सायट्रेटच्या रूपात असतं. त्याचा उपयोग फक्त ऊर्जेपुरता नाही. पेशीत त्याचे तुकडे करून चरबी बनवायला आणि चेतापेशींचे काही संदेश-रसायन बनवायला कच्चा माल मिळतो. मेंदूत ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी सायट्रेट बनवून बाहेर सोडतात, आणि चेतापेशी ते सोडियमच्या जोरावर आत ओढून घेतात. आत ओढणारं जे प्रथिन, तेच आमच्या लेकीचं बिघडलेलं आहे.

मी हे नवऱ्याला समजावत होते. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे सुताची पोती शेडच्या बाहेर रचून पडलीत आणि आत माग सुताविना उभा आहे." अगदी तेच. आणि दोन्ही बाजूंनी नुकसान. आत चेतापेशीला माल मिळत नाही, आणि बाहेर साचलेलं सायट्रेटही गप्प बसत नाही. ते झिंकला धरून ठेवतं. चेतापेशीवर संदेश झेलणाऱ्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. मेंदूत मोकळं झिंक अशा एका उत्तेजक ग्राहीला, एनएमडीए त्याचं नाव, आवर घालत असतं. झिंक कमी पडलं की तो आवर सुटतो आणि चेतापेशी भडकतात. झटके यातूनच येतात असं पुरतं सिद्ध झालेलं नाही, पण संशोधकांना हा मार्ग शक्य वाटतो. आजार या जनुकाशी जोडला गेलाच मुळी २०१४ मध्ये. आमच्या लेकीसारखं बाळ त्याआधी जन्मलं असतं तर त्याच्या आईला कुणीच काही सांगू शकलं नसतं.

वाचताना एका गोष्टीने मी थक्क झाले. फळमाशीत याच जनुकाचं भावंड आहे, त्याला इंडी म्हणतात. ते मंद केलं की माशी जास्त जगते, हे २००० साली दाखवलं गेलं. उंदरांत हे जनुक काढलं तर ते खाऊनही लठ्ठ होत नाहीत. त्यामुळे औषध कंपन्या यकृतातल्या चरबीसाठी हे प्रथिन मुद्दाम बंद करणारी रसायनं शोधत होत्या. एकीकडे प्रौढांसाठी जे बंद करून बघायचं, तेच तान्ह्या मेंदूत बंद असलं तर काय होतं हे माझ्या मांडीवर होतं. औषधांचं शिक्षण घेतलेल्या बाईला हे वाचून झोप लागणं कठीण आहे.

नाव कळल्यावर घरात पहिली चर्चा लिंबाची झाली. सायट्रिक म्हणजे लिंबातलं, एवढं सगळ्यांना ठाऊक. आत्या म्हणाली, "डोहाळ्यात तू लिंबू लई खाल्लंस." माझ्या आईने घरातून लोणचं हलवलं. डॉक्टरांना फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी आत्यालाच फोन द्यायला सांगितला आणि तिला समजावलं की मेंदूतलं सायट्रेट मेंदूतच बनतं, पोरीच्या आजाराचा आईच्या लिंबाशी काही संबंध नाही. आत्याने फोन ठेवला आणि मला जवळ घेतलं. माझा पुढचा प्रश्न दुकानातला होता: ओआरएसमध्ये ट्रायसोडियम सायट्रेट असतं, लिटरला २.९ ग्रॅम, जुलाब झाले तर द्यायचं का? ते म्हणाले, पाणी कमी पडण्याचा धोका कितीतरी मोठा, ओआरएस द्यायचंच. ते मी फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, म्हणजे मी नसताना कोणी अडखळायला नको.

उपचार बदलले ते नावामुळेच. ॲसिटाझोलामाइड हे जुनं औषध, काचबिंदूला आणि उंच डोंगरावर जाणाऱ्यांना देतात. या आजाराच्या काही मुलांना त्याने आराम पडल्याच्या नोंदी आहेत. आमच्या लेकीला ते जोडलं. झटके गेले नाहीत, पण लांबणारे झटके कमी झाले. रक्तातलं बायकार्बोनेट मधून मधून बघावं लागतं, मूतखड्याकडे लक्ष ठेवावं लागतं, पाणी भरपूर पाजावं लागतं. किटो आहाराचं, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टाच्या जेवणाचं, बोलणं आधी चालू होतं. या आजारात त्याचे अनुभव उलटसुलट आहेत, काहींना फायदा झाला तर काहींचे झटके वाढले, म्हणून डॉक्टरांनी घाईने सुरू केला नाही. आणि वय वाढेल तसे झटके बऱ्याच मुलांत कमी होत जातात, चालण्याबोलण्याच्या अडचणी मात्र राहतात, हेही त्यांनी लपवलं नाही. मला हे ऐकायचं होतं. काय येणार आहे ते कळलं तर मी तयारी करू शकते.

आता घरातल्या माणसांचं. समुपदेशक ताईंनी कागदावर आमची वंशावळ काढली. नात्यातल्या लग्नाची खूण म्हणून नवरा-बायकोमध्ये दोन रेघा काढतात. माझे बाबा आणि आत्या सख्खी भावंडं, त्यांच्या वर आजी-आजोबा. ताईंनी बोट तिथे नेलं: त्या दोघांपैकी कुणाकडे तरी हा बदल असणार, तिथून तो बाबांकडे आणि आत्याकडे, मग माझ्याकडे आणि नवऱ्याकडे. आजी-आजोबा ऐंशीच्या घरात, ठणठणीत. ताईंनी हेही सांगितलं की सख्ख्या चुलत-मामे-आते भावंडांच्या लग्नात बाळाला गंभीर जन्मजात आजार असण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी जास्त असतो. बहुतेकांची मुलं निरोगीच जन्मतात. आमच्या बाबतीत मात्र आता नक्की माहीत होतं: प्रत्येक गरोदरपणात चारात एक.

आणि नेमकं तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं आणि माझ्या नणंदेचं जमवायचं चाललं होतं. साटंलोटं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर सुपारी फोडायची असं दोन्हीकडे ठरलेलं. मी आधी नवऱ्याशी बोलले, मग बाबांशी. आत्याला बाबा ताई म्हणतात. ते म्हणाले, "तू हे बोललीस तर ताई माझ्याशी बोलायची नाही." मी म्हटलं, "बाबा, मी बोलले नाही आणि त्यांच्याकडेही असंच बाळ आलं, तर मी वन्संना तोंड कसं दाखवू?" शेवटी नणंदच पुढे झाली. तिनेच लेकीला रात्र रात्र मांडीवर घेतलेलं; झटका काय असतो ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. एकच ठराविक बदल शोधायचा असल्याने ही तपासणी एक्झोमपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. दोघांचं रक्त गेलं. दोघेही वाहक निघाले, म्हणजे आमच्यासारखीच एकेक प्रत सदोष.

सुपारी फुटली नाही. आत्याने बाबांशी बोलणं टाकलं, ते बरेच दिवस टाकलेलंच होतं. तिचं म्हणणं, आमच्या रक्तात खोट काढली. तिला कुणी समजावून ते पटलं नाही. तरी वही लिहिणं तिने एक दिवस चुकवलं नाही, आणि नणंदेला दुसरं स्थळ आलं तेव्हा तिनेच मला विचारलं, "पोराचं रक्त बघायला सांगायचं असतं का गं?" मी सांगितलं: नात्याबाहेरचा असेल तर तोही याच जनुकाचा वाहक असण्याची शक्यता फार कमी, पण विचारायला हरकत नाही. नणंदेने त्या मुलाला पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं. तो हो म्हणाला.

आम्हाला दुसरं मूल हवं आहे. गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन होते, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलातून. ती शक्य आहे ती फक्त लेकीचा रिपोर्ट हातात आहे म्हणून. कुठला बदल शोधायचा तेच माहीत नसेल तर कुणी काय शोधणार? निकाल वाईट आला तर काय करायचं यावर आम्ही दोघे अनेक रात्री बोललोय. जे ठरलंय ते आमच्या दोघांतच आहे.

लेक आता भिंत धरून उभी राहते, वॉकर घेऊन अंगणात फिरते. शब्द थोडेच, पण सांगितलेलं सगळं कळतं. मराठीतलंही आणि शेजारच्या मावशींचं तेलुगूही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र झालं, निरामय या सरकारी आरोग्य विम्यात नाव घातलं, थेरपीच्या खर्चाला त्याचा हातभार लागतो. जनुक उपचाराचे उंदरांवरचे प्रयोग मी वाचत असते. नवरा विचारतो, "काही नवीन?" मी जे असेल ते सांगते.

पुढच्या महिन्यात तिच्या मागच्या दाढांवर स्टीलच्या टोप्या बसवायच्या आहेत, नाहीतर भाकरी चावताना दुखतं आणि ती जेवण सोडते. भूल द्यावी लागेल. दातांच्या बाईंनी भूलतज्ज्ञांची आणि पुण्याच्या डॉक्टरांची गाठ घालून दिली आहे. झटक्याची औषधं त्या दिवशी सकाळी किती वाजता द्यायची ते आत्याने वहीत लिहून घेतलंय.